खाली नाव अण्णांचं

जयलक्ष्मीपुरममधल्या त्या घरात संध्याकाळचं इंग्रजी वर्तमानपत्र चारच्या पुढे यायचं. पेपरवाला सायकल न थांबवता फाटकावरून ते आत फेकायचा आणि मृदुलाच्या हातातलं काम तिथेच राहायचं. शाळेतून तपासायला आणलेल्या वह्या असोत की गॅसवरचं दूध असो, ती आधी बाहेर जायची. पायरीवर उभी राहूनच मधलं पान उघडायची आणि वाचकांच्या पत्रांत सासऱ्यांचं नाव शोधायची. नाव नसलं की सुटल्यासारखं वाटायचं. असलं की ती तिथेच उभी राहून पत्र शेवटपर्यंत वाचून काढायची.

"पेपर बंतु, अल्वा?" आतून अण्णा विचारायचे. आला ना, एवढंच त्यांना विचारायचं असे. पण चार पिढ्या म्हैसुरात काढलेल्या त्या घरातलं मराठी असंच होतं, अर्धं कानडी. मृदुला मूळची साताऱ्याची. नोकरीसाठी इथे आली, श्रीनिधीशी लग्न झालं आणि इथलीच झाली. सुरुवातीला अण्णांचं बोलणं तिला निम्मंच कळायचं. आता सगळं कळत होतं. ते पुढे काय बोलणार हेही बहुतेक वेळा आधीच कळायचं.

अण्णा म्हणजे अनंतकृष्ण. टेलिफोन खात्यात अधिकारी होते. नोकरीत असताना राजकारणावर उघड लिहायची सोय नव्हती, ती हौस त्यांनी निवृत्तीनंतर भागवली. पाणीपुरवठा, रस्त्यावरचे फ्लेक्स, पक्ष बदलणारे पुढारी, पुढे पुढे ढकलल्या जाणाऱ्या निवडणुका, कशावरही लिहायचे, पण नाव घेऊन लिहायचे. कोणी काय शब्द दिला होता, कधी दिला होता आणि त्याचं काय झालं, एवढंच. खाली 'अनंतकृष्ण, जयलक्ष्मीपुरम'. बँकेत, औषधांच्या दुकानात लोक विचारायचे, पेपरात लिहिणारे ते तुम्हीच का? अण्णा 'हौदु', म्हणजे हो, म्हणायचे आणि खूश होऊन घरी यायचे.

मग त्यांच्या डोळ्यांचा मागचा पडदा बिघडला. कडेकडेचं दिसायचं, मधलं नाहीसं व्हायचं. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. अक्षर तर गेलंच. बरेच दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. शेवटी मृदुलाच म्हणाली की तुम्ही सांगत जा, मी टाइप करीन. तेव्हापासून अण्णा हॉलमध्ये येरझाऱ्या घालत इंग्रजी वाक्यं स्वल्पविरामासकट सांगायचे, ती लॅपटॉपवर टिपायची, एकदा वाचून दाखवायची आणि आपल्या मेलवरून वर्तमानपत्राला पाठवायची. छापून आलं की पेपरातून पुन्हा वाचायची. वर्षभर हे नीट चाललं.

बिनसलं ते उपेंद्रवरून. उपेंद्र त्यांच्या वॉर्डाचा माजी नगरसेवक. मुदत संपली होती, निवडणूक लागत नव्हती, तरी खांबाखांबावर हात जोडलेला त्याचा फोटो होता. बागेच्या कोपऱ्यात त्याने वाचनालयासाठी एक खोली बांधून घेतली होती. तिचं उद्घाटन दोनदा झालं, कुलूप मात्र निघालं नाही. खिडकीतून डोकावलं तर आत त्याच्याच फ्लेक्सच्या चौकटी रचून ठेवलेल्या दिसत. अण्णांनी हे लिहिलं, नावानिशी. त्यानंतर थोड्याच दिवसांत श्रीनिधीने महापालिकेत मंजुरीला दिलेले नकाशे परत आले. श्रीनिधी घरांचे नकाशे काढायचा आणि ते मंजूर करून आणायचा, तोच त्याचा व्यवसाय. तिथल्या एकाने त्याला हसत सांगितलं की तुमचे वडील फार छान लिहितात, उपेंद्र साहेबही वाचतात.

श्रीनिधी वडिलांशी याबद्दल काही बोलला नाही. स्वयंपाकघरात येऊन बायकोशी बोलला. अण्णांना सांगितलं तर ते यावरही एक पत्र लिहितील, म्हणाला. तू फक्त पाठवताना नाव गाळ. त्यांना कुठे दिसणार आहे?

मृदुला नाही म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही नाहीच म्हणाली. मग मंजुरीअभावी गोकुळम भागातलं एक बांधकाम जोत्यावरच थांबलं आणि ज्यांचं ते घर होतं ते नवरा-बायको रोज सकाळी दारात येऊन बसायला लागले. पुढच्या पत्रात तिने उपेंद्रच्या जागी 'संबंधित लोकप्रतिनिधी' घातलं.

ते छापून आलं त्या संध्याकाळी अण्णा कान देऊन बसले होते. मृदुलाने पेपर समोर धरला आणि छापलेलं न वाचता अण्णांनी सांगितलेलं म्हणून दाखवलं. तिला ते तोंडपाठ होतं. उपेंद्रचं नाव तिने जिथल्या तिथे घेतलं. अण्णा समाधानाने म्हणाले की संपादकांनी एक शब्द हलवला नाही बघ.

त्या दिवसापासून तिला स्वस्थता नव्हती. वर्गात फळ्यावर गणित मांडताना तिच्या डोक्यात अण्णांची वाक्यं फिरायची, कारण छापून येईपर्यंत ती विसरून चालणार नव्हतं. दुपारी झोप लागत नसे. कपाटं आवरायला घ्यायची आणि अर्धी टाकून उठायची. आज येईल का, उद्या येईल का, आणि आलं तर पेपर आधी माझ्याच हातात पडेल का? रस्त्यात कुणी 'तुमच्या सासऱ्यांचं पत्र वाचलं' म्हणालं की ती हसून पुढे निघायची, थांबायची नाही.

सगळ्यात भीती दत्तोजीरावांची. ते अण्णांचे जुने स्नेही, पलीकडच्या गल्लीत राहायचे. सकाळी अण्णांचा दंड धरून त्यांना बागेत फिरवून आणायचे. इंग्रजी वाचायचे, पण सावकाश. एकदा फिरून आल्यावर अण्णा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "दत्तोजी म्हणतो, हल्ली तू मवाळ लिहितोस. मी मवाळ? त्याला इंग्रजी स्वल्प कमीच कळतं." मृदुला कॉफी गाळत होती. तिने वर न बघता कप पुढे केला.

नाव गाळायची सवय लागली, मग विशेषणं गेली, मग प्रश्न जाऊन त्यांच्या जागी विनंत्या आल्या. तरी तोवर ती फक्त गाळत होती. गोकुळमच्या त्या घराचा नकाशा पुन्हा मंजुरीसाठी गेला त्या आठवड्यात मात्र अण्णांनी वाचनालयावर परत एक पत्र सांगितलं, आधीच्यापेक्षा जहाल. श्रीनिधी दोन दिवस धड जेवला नव्हता. तिने ते पत्र मऊ केलं, आणि शेवटी एक वाक्य स्वतःच्या मनाने घातलं: वॉर्डाला वाचनालयाची वास्तू मिळवून दिल्याबद्दल उपेंद्र यांचे आम्ही नागरिक आभारी आहोत, आता पुस्तकांचीही सोय व्हावी. पाठवल्यावर ती बराच वेळ अंगणात फिरत राहिली. परत येऊन मेल उघडला. तो परत मागवता येत नव्हता.

पत्र छापून आलं. तिने अण्णांना त्यांचंच पत्र वाचून दाखवलं. नकाशा मंजूर झाला. श्रीनिधीने येताना मैसूरपाक आणला आणि अण्णांनी तो मागून मागून खाल्ला.

पुढच्या रविवारी सकाळी फाटकापाशी मोठी गाडी थांबली. उपेंद्र स्वतः आला होता, बरोबर दोन कार्यकर्ते. आत येऊन त्याने वाकून अण्णांच्या पायांना हात लावला. अण्णांना चेहरा दिसला नाही, पण आवाज ओळखीचा वाटला असावा. ते सावरून बसले. मृदुला दाराशीच थांबली. तिला पाणी आणायला जायचं होतं, तरी ती गेली नाही.

उपेंद्र कानडीत फार अदबीने बोलला. सर, तुमच्यासारख्या माणसाने चार चांगले शब्द लिहिले, मला पदापेक्षा मोठं वाटलं. आपण टीका करता तेव्हाही मी वाचतो, पण हे पत्र माझ्या आईने देवापुढे ठेवलं. अण्णांनी विचारलं, कुठलं पत्र? उपेंद्र हसला. कार्यकर्त्याने पिशवीतून गठ्ठा काढला. पत्रकं होती. वर उपेंद्रचा फोटो, खाली पत्राचं कानडी भाषांतर, आणि जाड अक्षरांत अनंतकृष्ण, जयलक्ष्मीपुरम. सगळ्या वॉर्डात घरोघर वाटायला दिली आहेत, उपेंद्र म्हणाला, आपल्याला एक प्रत द्यायला आलो.

"वाचा," अण्णा म्हणाले.

कार्यकर्त्याने वाचलं. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. शेवटच्या वाक्याला त्यांनी मान वर केली.

"पुन्हा वाचा. शेवटचं."

त्याने पुन्हा वाचलं. अण्णा कानडीत सावकाश म्हणाले, "हे माझं पत्र नाही."

उपेंद्रने अण्णांच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या श्रीनिधीकडे पाहिलं. तो घाईघाईने म्हणाला की अण्णांचं वय झालंय, हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही, तुम्ही मनावर घेऊ नका. उपेंद्रने समजल्यासारखी मान हलवली आणि दयेने अण्णांच्या हातावर हात ठेवला. अण्णांनी तो हात काढला नाही. ते मुलाच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शंका आली होती. आपण खरंच विसरलो की काय, असं ते स्वतःला विचारत होते. मृदुलाने ते पाहिलं आणि तिला ते सहन झालं नाही.

"त्यांच्या सगळं लक्षात आहे," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलेलं पत्र वेगळं होतं. हे मी लिहिलंय."

उपेंद्र उठला. चेहऱ्यावरचं हसू त्याने जाऊ दिलं नाही. घरातली गोष्ट आहे, घरात मिटवा, म्हणाला. पत्रकं तर वाटायला गेलीच आहेत. गाडी गेल्यावर श्रीनिधी मृदुलावर ओरडायच्या बेतात होता, पण अण्णांनी हात वर केला.

"किती पत्रं?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं, श्रीनिधीचं नावही लपवलं नाही. मग अण्णांनी तिला ती छापलेली पत्रं आणायला लावली आणि एकेक वाचायला सांगितलं, जशी होती तशी. सगळी संपल्यावर अण्णा उठले, चाचपडत आपल्या खोलीत गेले. जेवायला आले नाहीत.

सोमवारी ती शाळेतून आली तेव्हा अण्णा घरात नव्हते. श्रीनिधी कामावर गेला होता, शेजाऱ्यांना काही माहीत नव्हतं. अण्णा एकटे कधीच फाटकाबाहेर पडत नसत. तिने स्कूटर काढली. बाग पाहिली, बंद वाचनालयाच्या मागे पाहिलं, कालिदास रस्त्यावरची दुकानं पाहिली. प्रत्येक पांढऱ्या सदऱ्यापाशी वेग कमी करत होती. दत्तोजीरावांच्या घराला कुलूप होतं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने स्कूटर वर्तमानपत्राच्या कचेरीकडे वळवली. वाटेत प्रत्येक सिग्नलला तिला वाटत होतं की आपल्याला उशीर झालाय. कशाला, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

अण्णा तिथेच होते. दत्तोजीरावांबरोबर रिक्षा करून आले होते. पत्रांचं पान पाहणारी सुप्रीता नावाची तरुण बाई संगणकासमोर बसली होती, अण्णा तिच्या शेजारी. सुप्रीता समजावत होती की सर, इतक्या महिन्यांची पत्रं खोटी होती असं आम्हाला छापता येणार नाही, आमच्या पानावर लोक विश्वास कसा ठेवतील? एक खुलासा देते, लहानसा. तुम्ही सांगा, मी घेते.

मृदुला दारातच उभी राहिली. दत्तोजीरावांनी तिला पाहिलं. आता आपलं नाव येणार, या शहरातल्या सगळ्या ओळखीच्यांना ते वाचायला मिळणार, शाळेतही. तिने मनाची तयारी केली.

अण्णा सांगू लागले. माझी दृष्टी गेली आहे. गेल्या काही महिन्यांत माझ्या नावाने आलेली पत्रं मी सांगितली तशी आलेली नाहीत. ती छापून आल्यावर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, म्हणून चूक माझी. उपेंद्र यांच्या पत्रकाशी माझा संबंध नाही. वाचनालय बंद आहे. ज्याला शंका असेल त्याने खिडकीतून पाहावं. बस्, साकु.

"कुणी बदललं, ते?" सुप्रीताने विचारलं.

"ते वाचकांचं काम नाही," अण्णा म्हणाले.

मृदुला बाहेर येऊन जिन्यावर बसली. दत्तोजीराव अण्णांना धरून उतरले तेव्हा ती उठून बाजूला झाली. अण्णांना तिची चाहूल लागली होती. त्यांनी विचारलं की स्कूटर आणलीस काय? ती हो म्हणाली. "मग तू पुढं हो. आम्ही रिक्षानं येतो," ते म्हणाले.

खुलासा छापून आला, कुत्र्यांच्या त्रासावरच्या एका लांब पत्राखाली, चार ओळींत. दत्तोजीरावांनी तो अण्णांना वाचून दाखवला. एक-दोघांचे फोन आले. काही लोक बागेतल्या त्या खिडकीतून डोकावून गेले म्हणे, मग खिडकीला आतून पुठ्ठा लागला. उपेंद्रची पत्रकं तशीच घरोघर राहिली. श्रीनिधीचे पुढचे नकाशे परत आले, आणि त्याने दोन कामं दुसऱ्याला देऊन टाकली.

घरात बोलणं कमी झालं. मृदुलाशी अण्णा कामापुरतं बोलायचे. मुलाशी तेवढंही नाही. पत्रं सांगणं त्यांनी बंद केलं होतं. तरी चारच्या पुढे फाटकाशी आवाज झाला की मृदुला उठायचीच, आणि पायरीवर जाऊन आता आपल्याला शोधायचं काय आहे हे न समजून तशीच उभी राहायची. अण्णा दिवसभर घरात फिरत. या खोलीतून त्या खोलीत, रेडिओ लावायचा, बंद करायचा. एकदा तिने विचारलं की काही हवंय का. नाही म्हणाले आणि पुन्हा फिरायला लागले.

एका दुपारी त्यांनी हाक मारली. "लॅपटॉप घे."

ती घेऊन आली, पण उघडला नाही. अण्णा म्हणाले, "छापलेलं यापुढे दत्तोजी वाचणार. तू नाही."

"चालेल. पण एक सांगू? तुमचं पटलं नाही तर मी बोलून दाखवीन."

"बोल की. भांड. सुम्ने उगाच माझ्या तोंडात तुझे शब्द घालू नकोस."

त्या दिवशी ती खरोखरच भांडली. पत्र रस्त्यावरच्या भाजीवाल्यांना हटवावं अशा मागणीचं होतं आणि अण्णांचं म्हणणं तिला अर्धवट वाटलं. वरुणा गावाकडून पहाटेच्या बसने येणाऱ्या बायका मग कुठे बसणार, तिने विचारलं. अण्णा चिडले, दोन वाक्यं मागे घेतली, एक हट्टाने ठेवलं. तिने ते जसं होतं तसं टाइप केलं. तसंच पाठवलं, आणि रात्री तिला झोप लागली.

मुलाचं आणि बापाचं मात्र तसंच राहिलं. मग एका रविवारी श्रीनिधी अण्णांसमोर येऊन बसला. त्याचे नकाशे तिसऱ्यांदा परत आले होते, यावेळी कारण न देता. तो म्हणाला की अण्णा, आता एक पत्र लिहाच. तिथे कुणाच्या शब्दाने काय हलतं, सगळं सांगतो तुम्हाला.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे मी पाहिलंय?"

"मी पाहिलंय."

"मग तू लिही."

"माझ्या नावाने?"

"मग कुणाच्या?"

श्रीनिधी मान खाली घालूनच म्हणाला, "त्या दिवशी मी जे बोललो, अण्णा..."

"मी घाबरलो होतो त्या दिवशी," अण्णा म्हणाले. "वाटलं, खरंच डोकं गेलं माझं."

श्रीनिधी उठला. बाहेर गेला, गाडी सुरू केली, बंद केली. पुन्हा आत आला आणि मृदुलाकडे लॅपटॉप मागितला. जेवणाच्या टेबलावर बसून त्याने दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, परत लिहिल्या. मृदुला कोथिंबीर निवडत होती. किती झालं ते तिने विचारलं नाही.

"टाइप करतोय काय?" अण्णांनी तिला हळूच विचारलं.

"करतोय आणि पुसतोय."

"होऊ दे," अण्णा म्हणाले, आणि टेबलाच्या बाजूला कान करून बसले.